दीड लाखात साखरपुड्याची अंगठी: ‘ईएफ-व्हीव्हीएस’चा आग्रह सोडल्यावर काय मिळालं

आम्ही सल्ला दिलेलं पुण्यातलं एक प्रकरण आहे. साखरपुड्याला दोन महिने होते. मुलीला एकाच हिऱ्याची, साधी, पिवळ्या सोन्यातली अंगठी हवी होती. हिरा गोल आणि नैसर्गिक असावा, एवढीच तिची अट. मुलाकडचं बजेट सोनं, घडणावळ, कर सगळं धरून १,५०,००० रुपये. खाली दिलेले भाव २०२५ च्या उन्हाळ्यातले, या एका खरेदीपुरते आहेत. तुमच्या खरेदीच्या दिवशी आकडे वेगळे असतील, हिशोबाची पद्धत मात्र हीच राहील.

पहिली अंगठी एका मोठ्या पेढीवर तयारच मिळत होती. हिरा ०.५० कॅरेटचा, रंग एफ, शुद्धता व्हीव्हीएस२, कट ‘व्हेरी गुड’. हिऱ्याचे १,०८,००० रुपये लावले होते. सोनं १८ कॅरेटचं, ३.६० ग्रॅम, ग्रॅमला ७,४०० रुपयांनी २६,६४० रुपये. घडणावळ ग्रॅममागे १,४०० रुपयांनी ५,०४० रुपये. त्यावर ३ टक्के जीएसटी धरून एकूण १,४३,८७० रुपये. बजेटात बसत होतं, पेढी नावाजलेली होती आणि विक्रेत्याचा सगळा भर ‘ईएफ-व्हीव्हीएस’वर, म्हणजे ई-एफ रंग आणि व्हीव्हीएस शुद्धता यांवर होता. आपल्याकडे हिरा घ्यायला गेलं की हे शब्द कानावर पडतातच. त्याखालचं काही घेणं म्हणजे दुय्यम माल घेणं, असा समज होऊन बसला आहे. या प्रकरणातला सगळ्यात महागडा गैरसमज तोच होता.

रंगाची श्रेणी डीपासून सुरू होते आणि झेडपर्यंत उतरते. प्रयोगशाळेत हिरा उलटा ठेवून, बाजूने, ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी धरून रंग ठरवतात. बोटातला हिरा वरून पाहिला जातो आणि नीट कापलेला असेल तर त्याची चमक हलकी पिवळी छटा झाकून टाकते. त्यातून अंगठी पिवळ्या सोन्याची. सोन्याचंच प्रतिबिंब हिऱ्यात उतरतं. अशा अंगठीत एफ आणि एच यांतला फरक घरातल्या कुणालाही सांगता येणार नाही. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात घ्यायचं असतं तर आम्ही जीपर्यंत थांबायला सांगितलं असतं. पिवळ्या सोन्यात एच, अगदी आयसुद्धा चालतो.

शुद्धतेचंही तसंच. व्हीव्हीएसमधला दोष दहापट मोठं करणाऱ्या लूपमधून जाणकारालाही शोधावा लागतो, व्हीएसमधला लूपमधून दिसतो पण सहज नाही, एसआय१ मधला लूपमधून पटकन सापडतो. नुसत्या डोळ्याला चांगल्या एसआय१ मध्येही काही दिसत नाही. खरा सवाल हिरा ‘डोळ्याला स्वच्छ’ आहे की नाही एवढाच. त्याच्या वरच्या पायऱ्यांचे पैसे प्रमाणपत्रावरच्या अक्षरांना जातात.

कटचं मात्र उलट आहे. तो दुरूनही कळतो आणि नेमकी तिथेच पहिल्या अंगठीत तडजोड होती. ०.५० कॅरेटचा बरा कापलेला गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. हा ५.०४ मिलिमीटर होता आणि त्याची खोली व्यासाच्या ६४ टक्के. म्हणजे वजनाचा काही भाग जाड गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या सगळ्यात रुंद कडेत, आणि तळाच्या पोटात लपलेला. पैसे त्या वजनाचे द्यायचे, दिसणार मात्र कमी.

बिलात आणखी एक बारीक गोष्ट होती. ३.६० ग्रॅम हे हिऱ्यासकट ढोबळ वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणून ०.५० कॅरेटचा हिरा ०.१० ग्रॅमचा आणि सोन्याचं निव्वळ वजन ३.५० ग्रॅम. त्या ०.१० ग्रॅमवर सोन्याचा भाव आणि घडणावळ मिळून ८८० रुपये जास्त लागले होते. रक्कम लहान आहे. पण हिऱ्याचे पैसे हिरा म्हणून घेतल्यावर तोच पुन्हा सोनं म्हणून विकता येत नाही. कच्च्या बिलावर ‘नेट वेट’ वेगळं लिहून मागा. तो रकाना नसेल तर तिथेच थांबा.

सुटा हिरा, आधी कागदावर

मग अंगठी आणि हिरा वेगवेगळे करायचं ठरलं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये व्यापाऱ्यांची कार्यालयं आहेत, पण ते किरकोळ गिऱ्हाइकाने फिरायचं ठिकाण नव्हे. सोपा मार्ग असा की ओळखीच्या सराफाला नेमकी मागणी द्यायची आणि त्याने व्यापाऱ्याकडून चार-पाच हिरे जांगडवर, म्हणजे पसंत पडले तर ठेवायचे नाहीतर परत करायचे या बोलीवर, मागवायचे. सराफाला माल अडकवून ठेवावा लागत नाही आणि तुम्हाला हिरे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. हिरा एकटा पाहिला की प्रत्येकच सुंदर दिसतो.

मागणी कागदावर लिहून दिली. गोल, ०.६५ ते ०.७५ कॅरेट. रंग जी ते आय. शुद्धता व्हीएस२ किंवा एसआय१. कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही ‘एक्सलंट’. हिऱ्यांची श्रेणी ठरवणाऱ्या जीआयए या संस्थेचं प्रमाणपत्र. टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९.५ ते ६२.३ टक्के. क्राउनचा, म्हणजे गर्डलच्या वरच्या भागाचा, कोन ३४ ते ३५ अंश आणि पॅव्हेलियनचा, म्हणजे खालच्या भागाचा, ४०.६ ते ४१ अंश. गर्डल ‘थिन’ ते ‘स्लाइटली थिक’. ब्राउन नको, हिरवट नको, दुधट नको. बाजारात याला ‘नो बीजीएम’ म्हणतात आणि एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं.

कोन लिहून द्यायची गरज का पडली? जीआयएची ‘एक्सलंट’ ही कटची पायरी बरीच रुंद आहे. तिच्यात उत्तम हिरेही बसतात आणि कडेकडेचेही. हिऱ्यात वरून शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर दोनदा आदळून पुन्हा वर यायला हवा. पॅव्हेलियन थोडा जास्त उतरता झाला आणि वरचा क्राउनही उंच असला, तर त्यातला काही उजेड खालून निसटतो आणि टेबलाच्या कडेखाली करडं कडं दिसू लागतं. पॅव्हेलियन फारच उथळ झाला तर गर्डलचं प्रतिबिंब टेबलात पांढऱ्या वर्तुळासारखं उमटतं. प्रमाणपत्रावरचे दोन आकडे वाचले की असे हिरे न बघताच बाजूला काढता येतात.

आणि ०.७० च्या आसपासच का? हिऱ्यांचा घाऊक भाव वजनाच्या टप्प्यांनी चढतो. व्यापारात १९७८ पासून वापरात असलेल्या रॅपापोर्टच्या भावपत्रकात ०.५० ते ०.६९ हा एक टप्पा आहे आणि ०.७० ते ०.८९ हा पुढचा. ०.६९ आणि ०.७० मध्ये वजनाचा फरक एका सेंटचा, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचा, पण कॅरेटमागचा दर दुसऱ्या रकान्यातून येतो. याचा परिणाम कारागिरीवरही होतो. पैलू पाडणाऱ्याला कच्च्या हिऱ्यातून ०.७० कसाबसा गाठता येत असेल, तर तो कोन थोडे बिघडू देऊन वजन राखतो. म्हणून बरोबर ०.५०, ०.७०, १.०० भरणारे हिरे तपासताना खोलीचा आकडा आधी बघावा. ०.६८-०.६९ चे हिरे बाजारात कमी असतात. मिळाला तर मात्र तो बहुतेकदा वजनापेक्षा घाट बघून कापलेला असतो.

टेबलावर आलेले तीन हिरे

सराफाने पाच मागवले. दोन कोनांतच बाद झाले. उरलेले असे:

पहिला, ०.७० कॅरेट, जी, व्हीएस२, फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात चमकण्याचा गुण) नाही. व्यास ५.६७ मिलिमीटर, खोली ६२.८ टक्के, टेबल ५७, क्राउन ३५.५, पॅव्हेलियन ४१.२. किंमत १,२२,००० रुपये. हा खरं तर मागणीबाहेरचा, पण रंग-शुद्धता चांगली म्हणून सराफाने मुद्दाम ठेवलेला.

दुसरा, ०.६९ कॅरेट, एच, एसआय१, फ्लुरोसन्स फेंट. व्यास ५.६८ ते ५.७१, उंची ३.४९ मिलिमीटर, खोली ६१.३ टक्के, टेबल ५७, क्राउन ३४.५, पॅव्हेलियन ४०.८. किंमत ९४,००० रुपये.

तिसरा, ०.७२ कॅरेट, जी, एसआय१, फ्लुरोसन्स स्ट्राँग. कोन ठीक. किंमत ७९,००० रुपये.

कागद पाहून घरच्यांचा कल तिसऱ्याकडे गेला. वजन सगळ्यात जास्त, रंग जी, आणि दुसऱ्यापेक्षा १५,००० रुपयांनी स्वस्त. हिऱ्याच्या बाजारात दोन सारख्या दिसणाऱ्या कागदांमध्ये एवढी तफावत असते, तेव्हा तिचं कारण हिऱ्यात कुठेतरी असतंच. ते शोधायचं.

एवढ्या आकाराच्या हिऱ्यांना जीआयएचं बहुधा डॉसियर, म्हणजे छोटा अहवाल असतो. त्यात दोषांचा नकाशा नसतो, फक्त दोषांची नावं एका ओळीत असतात. ही ओळ फार थोडे जण वाचतात. दुसऱ्या हिऱ्याच्या ओळीत ‘क्रिस्टल, नीडल’ होतं, म्हणजे आत अडकलेला स्फटिकाचा कण आणि सुईसारखा बारीक दोष. तिसऱ्याच्या ओळीत एकच शब्द: ‘क्लाउड’. क्लाउड म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांचा पुंजका. व्हीव्हीएस किंवा व्हीएसमध्ये तो निरुपद्रवी असतो. पण एसआय१ ही पायरी एकट्या क्लाउडमुळे मिळाली असेल, तर तो ढग मोठा किंवा दाट असण्याची शक्यता असते आणि तो हिऱ्याची पारदर्शकताच खातो. पूर्ण अहवालात नकाशा असतो, तिथे ‘श्रेणी न दाखवलेल्या क्लाउडवर आधारित’ अशा अर्थाचा शेरा दिसला तरी हेच समजावं.

दुकानातले छतावरचे झोताचे दिवे कोणत्याही हिऱ्याला नाचवतात. म्हणून तिन्ही हिरे दुमडलेल्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ओळीने ठेवून दारापाशी, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात नेले आणि दिवसा पाहिले. तिथे फरक दोन मिनिटांत कळला. पहिला आणि दुसरा काळ्या-पांढऱ्या धारदार तुकड्यांनी भरलेले. तिसरा पांढराच, पण चष्म्यावर वाफ धरावी तसा. पैलूंच्या कडा पुसट. बोटाच्या सावलीत नेल्यावर तो विझला, बाकीचे दोन जिवंत राहिले. स्ट्राँग फ्लुरोसन्स असलेला प्रत्येक हिरा असा नसतो. एच-आय रंगाच्या स्वच्छ हिऱ्यात तो सूट मिळवायचं उत्तम निमित्त ठरतो. इथे मूळ दुखणं क्लाउडचं होतं. दुधट हिरा स्वस्तात मिळतो आणि कितीही धुतला तरी तसाच राहतो.

पहिला आणि दुसरा यांतली निवड जास्त बारकाईची होती. डोळ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर धरून दोन्ही हिरे सावकाश हलवले. पहिल्यात टेबलाच्या कडेच्या आत करड्या रंगाचं कडं येत-जात होतं, तेच उतरत्या पॅव्हेलियनचं. दुसऱ्यात मध्यापासून काठापर्यंत उजेड सारखा खेळत होता. व्यास जवळपास एकच, किंबहुना हलका हिराच केसभर रुंद. पहिल्यासाठी द्यायचे २८,००० जादा रुपये रंगाची एक पायरी, शुद्धतेची एक पायरी आणि ०.७० हा आकडा एवढ्यासाठी होते. त्यातलं एकही अंगठीत दिसलं नसतं. कोणता काय हे न सांगता दोन्ही हिरे मुलीपुढे ठेवले, तिने दुसरा उचलला.

दुसऱ्याचा क्रिस्टल नेमका कुठे आहे, हे मग लूपने पाहिलं. लूप डोळ्याला टेकवायचा आणि हिरा चिमट्यात धरून लूपजवळ, साधारण एका इंचावर आणायचा. लूप हातात लांब धरून दिसत नाही. क्रिस्टल रंगहीन होता, टेबलाच्या बाहेर, काठाजवळ. हाच दोष टेबलाखाली मधोमध आणि काळा असता, तर एसआय१ असूनही घेऊ नका म्हटलं असतं. काठाजवळचा क्रिस्टल नखीखाली, म्हणजे हिरा पकडून ठेवणाऱ्या सोन्याच्या आकड्याखाली झाकता येतो. मात्र तो ‘फेदर’ असता, म्हणजे गर्डलपर्यंत पोहोचलेली बारीक चीर, तर त्यावर नखी दाबायची नसते. हिरा ओरखड्याला कठीण असला तरी ठरावीक दिशांनी फुटतो आणि खडा बसवतानाचा दाब अशा ठिकाणी घातक ठरू शकतो. व्यापारी हिऱ्याचे जे व्हिडिओ पाठवतात, त्यांत हिरा कितीतरी पट मोठा दिसतो. ते पाहून एसआय१ नाकारू नये आणि नुसते तेच पाहून घेऊही नये.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचा प्रश्न

मुलाच्या मित्रांनी सुचवलेला पर्याय होता एक कॅरेटचा, एफ, व्हीएस१, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, ३२,००० रुपयांना. तो हिराच आहे, नकली नाही: तोच कार्बन, तीच कठीणता. डोळ्याने किंवा लूपने फरक ओळखता येत नाही, आणि दुकानातला टोचून बघायचा डायमंड टेस्टरही दोन्हींना हिराच म्हणतो. त्यासाठी वेगळी तपासणी यंत्रं लागतात. सुरतेत आता दोन्ही प्रकारचे हिरे घडतात. ज्यांना मोठा आकार हवा आणि पैसे राखायचे आहेत, त्यांनी तो निःसंकोच घ्यावा. एक मात्र जाणून घ्यावं: त्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आहेत आणि पुनर्विक्रीत जवळपास काही हाती लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएनेही अशा हिऱ्यांना रंग-शुद्धतेची नेहमीची अक्षरं देणं थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोनच वर्गवाऱ्या ठेवल्या. इथे मुलीची अट नैसर्गिक हिऱ्याची होती, म्हणून विषय तिथे संपला. नैसर्गिक हिराही गुंतवणूक म्हणून घेऊ नये, विकायला गेलं की त्यातही मोठी घट बसते.

हिरा सोपवताना आणि अंगठी घेताना

इथे घाई झाली की पुढचे वाद निर्माण होतात. हिरा कारागिराकडे जाण्याआधी तीन गोष्टी समोर करून घेतल्या. काट्यावर वजन केलं, ०.६९ भरलं. गर्डलवर लेसरने कोरलेला क्रमांक लूपमधून वाचला आणि तोच जीआयएच्या संकेतस्थळावर टाकून आकडे जुळवले. कार्ड कितीही चकचकीत असलं तरी ही जुळणी करायचीच. पावतीवर क्रमांक, वजन, मापं आणि क्रिस्टलची जागा लिहून घेतली. कोरलेला क्रमांक नखीखाली जाऊ नये, असं कारागिराला सांगून ठेवलं, म्हणजे अंगठी हातात आल्यावर हिरा तोच आहे हे पुन्हा वाचून बघता येतं.

नख्या चार की सहा, यावर घरात बरीच चर्चा झाली. चार नख्यांत हिरा मोकळा दिसतो, पण एक वाकली की हिरा धोक्यात येतो. सहा नख्यांत एक सैल झाली तरी बाकीच्या धरून ठेवतात. अंगठी रोज वापरायची होती, कणीक मळताना, केस धुतानाही, म्हणून सहा नख्या आणि बैठक कमी उंचीची ठरली. उंच बैठक साडीच्या आणि ओढणीच्या धाग्यांत अडकते. बोटाचं माप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घेतलं. उकाड्यात आणि दिवसाअखेर बोट थोडं फुगतं.

तयार अंगठीचं सोन्याचं निव्वळ वजन ३.२० ग्रॅम भरलं. हिशोब असा झाला: हिरा ९४,०००, सोनं २३,६८०, घडणावळ ग्रॅममागे १,५०० रुपयांनी ४,८००, बेरीज १,२२,४८०. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,६७४. एकूण १,२६,१५४ रुपये. पहिल्या पेढीपेक्षा १७,७१६ रुपये कमी आणि वरून दिसणारं हिऱ्याचं क्षेत्रफळ सुमारे २८ टक्के जास्त. सुटा हिरा घेतला असता तर त्यावर जीएसटी १.५ टक्के लागतो, पण अंगठी आणि हिरा एकाच सराफाच्या एकाच बिलावर होते, म्हणून दागिन्याचाच दर लागला.

अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचं चिन्ह, १८के७५० आणि एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आहे का ते पाहिलं आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत. हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. दोन्ही कागद वेगळे सांभाळायचे.

पहिल्या पेढीने बदलीच्या वेळी हिऱ्याच्या किमतीचे ९० टक्के धरण्याची तयारी दाखवली होती आणि मुलाच्या आईला ती सोडवत नव्हती. त्या अटी वाचून घेतल्या तेव्हा रोख परतावा नव्हता, बदलीत त्याच पेढीचा जास्त किमतीचा दागिना घ्यायचा होता आणि नव्या दागिन्याचा भावही तीच पेढी ठरवणार होती. सराफाने इथे ८० टक्के बदली आणि सात दिवसांत पूर्ण परतीची अट लेखी दिली. त्या सात दिवसांत हिरा दुसऱ्या जाणकाराला दाखवून घेतला.

वापरात हिऱ्याला तेलाचा चटकन थर बसतो आणि तो मंद दिसायला लागतो. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. खालची बाजू घासायला विसरू नये, कारण थर तिथेच साचतो. दर सहा महिन्यांनी अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारून पाहायची. टकटक आली किंवा नखीत रुमालाचा धागा अडकू लागला, तर ती त्याच दिवशी काढून ठेवायची आणि नख्या दाबून घ्यायला सराफाकडे न्यायची.